तिळाच्या बोंडापासून बंदरापर्यंत

‘तेल’ हा शब्द मुळात तिळाचा. संस्कृतातील ‘तिल’पासून ‘तैल’ झाले, म्हणजे तिळातून निघालेले ते. आणि त्या ‘तैल’चे मराठीत ‘तेल’ झाले. पुढे करडई, भुईमूग, सरकी, सोयाबीन, सूर्यफूल यांच्या गाळपातून जे जे निघाले त्या सर्वांना हेच नाव मिळाले आणि नावाचा मूळ धनी मात्र मागे पडला. आज महाराष्ट्रातील बहुतेक घरांत तिळाचा डबा संक्रांतीच्या आधी भरतो आणि मग चटणीपुरता वर्षभर पुरतो. भुसार बाजारातही तिळाची उलाढाल त्याच सुमारास डोळ्यांत भरते. निर्यातीच्या बाजारातील चित्र मात्र निराळे आहे. भारत हा तिळाचा मोठा उत्पादक आणि जुना निर्यातदार देश आहे. सौराष्ट्राचा पांढरा तीळ युरोपच्या पावांवर पोहोचतो, तर काळा तीळ पूर्व आशियाच्या स्वयंपाकघरांत जातो.

एवढी जुनी ओळख असलेल्या या पिकाची आजची स्थिती आकड्यांत पाहिली तर मन खट्टू होते. भारतात तिळाचे सरासरी उत्पादन हेक्टरी ५ क्विंटलांच्या आसपास घुटमळत राहिले आहे. चीनमध्ये ते याच्या तिपटीच्या घरात आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडील तिळाचे क्षेत्रही घटत गेले. जो देश तीळ विकत होता तो आता आफ्रिकेतून तीळ विकतही घेतो. भावाचे कारण पुढे करावे तर तेही पुरेसे नाही. २०२४-२५च्या खरिपासाठी केंद्र सरकारने तिळाची आधारभूत किंमत क्विंटलला ९,२६७ रुपये ठरवली होती, आणि सोयाबीनच्या जवळजवळ दुप्पट असलेला हा भाव पाहूनही शेतकरी तिळाकडे वळला नाही. याचे एक मोठे कारण अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठ्या नसलेल्या एका बोंडात दडलेले आहे. शास्त्रज्ञ त्या बोंडाच्या मागे ऐंशी वर्षे लागले आहेत. आणि त्याचे परिणाम शेतापुरते न राहता थेट युरोपच्या बंदरात उभ्या असलेल्या कंटेनरपर्यंत पोहोचतात.

या पिकाचे घर कोणते, यावरही बराच काळ वाद होता. तिळाच्या कुळातील बहुसंख्य रानटी जाती आफ्रिकेत आढळतात, म्हणून तीळही तिथलाच असावा असे अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानीत. माधोस्वरूप वत्स यांनी हडप्पाचे उत्खनन केले तेव्हा जळून कोळसा झालेले तीळ मिळाले होते. त्यावरून हे पीक सिंधू संस्कृतीच्या लोकांना ठाऊक होते एवढे निश्चित झाले. पुढे अमेरिकन संशोधक डोरोथिया बेडिजियन यांनी १९८०च्या दशकापासून या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला. गुणसूत्रे, बियांतील रसायने आणि निरनिराळ्या भाषांतील तिळाची नावे या सर्वांचा मेळ घालून त्यांनी दाखवले की, लागवडीच्या तिळाचा सर्वांत जवळचा रानटी नातलग भारतातच उगवतो. मलबारच्या नावाने ओळखला जाणारा हा रानतीळ आजही पश्चिम किनाऱ्याच्या पट्ट्यात आढळतो. दोघांच्याही पेशींत गुणसूत्रांच्या १३ जोड्या असतात आणि दोघांचा संकर सहज होतो. तीळ आपल्याच मातीतला, हा निर्णय आता बहुतेक अभ्यासकांनी मान्य केला आहे.

न खवटणारे तेल

तिळाच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते. भुईमुगाच्या दाण्यातही थोड्याफार फरकाने तेवढेच असते. तिळाच्या तेलाचे वेगळेपण त्याच्या टिकाऊपणात आहे. ज्यांच्या घरात पूर्वी घाणी होती त्यांना हे सांगावे लागत नाही. करडईचे किंवा जवसाचे तेल लवकर खवट होते. तिळाचे तेल मात्र उन्हाळा काढते. रसायनशास्त्राच्या साध्या नियमाने असे व्हायला नको होते. कारण तिळाच्या तेलातील सुमारे ४० टक्के भाग लिनोलेइक आम्लाचा असतो आणि हे आम्ल हवेतील ऑक्सिजनशी लगेच संयोग पावते.

याचे उत्तर तेलात अत्यल्प प्रमाणात असलेल्या सेसमिन आणि सेसमोलिन या दोन द्रव्यांच्या कुळात सापडले. तीळ भाजला, तेल तापले, की सेसमोलिनचे विघटन होऊन सेसमॉल तयार होते आणि हे सेसमॉल तेलाला खवटपणापासून वाचवते. जपानमध्ये भाजलेल्या तिळाच्या तेलाला मोठा मान आहे, त्यामुळे या विषयावरील सखोल काम तिथेच झाले. नागोया विद्यापीठातील मित्सुओ नामिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे ही द्रव्ये वेगळी काढून त्यांचे गुणधर्म तपासले. शुद्धीकरणाच्या कारखान्यात आम्लयुक्त मातीने तेलाचा रंग काढताना सेसमोलिनपासून सेसमिनॉल नावाचे आणखी एक रक्षक द्रव्य तयार होते, हेही जपानी संशोधकांनी दाखवून दिले. तमिळ भाषेत तिळाच्या तेलाला ‘नल्लेण्णै’, म्हणजे ‘चांगले तेल’, असे म्हणतात. त्या नावामागचा अनुभव प्रयोगशाळेत असा सिद्ध झाला.

याच रसायनाचा एक उपयोग तुपाच्या व्यापाराशी निगडित आहे. वनस्पती तूप बाजारात आले तेव्हा साजूक तुपात त्याची भेसळ ओळखायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. डोळ्यांना, नाकाला, जिभेलाही तो फरक कळेना. वनस्पतीला कायमचा रंग द्यावा, असे प्रस्ताव आले आणि त्यावर वर्षानुवर्षे खल झाला. पण उकळले तरी न जाणारा, शरीराला अपाय न करणारा रंग काही हाती लागला नाही. अखेर कायद्याने जो मार्ग स्वीकारला तो तिळाचा होता: वनस्पतीच्या प्रत्येक डब्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल असलेच पाहिजे, असा नियम झाला. मग तपासणी सोपी झाली. वितळलेल्या तुपात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरलचे काही थेंब टाकून नळी हलवायची. तळाशी बसलेल्या आम्लाच्या थराला लाल रंग चढला की तुपात वनस्पती आहे असे समजायचे. मूळ चाचणी बोदुआँ यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्यात फरफ्युरलऐवजी साधी साखर वापरीत. लाल रंग येतो तो आम्लामुळे सेसमोलिनमधून सुटणाऱ्या सेसमॉलमुळे. किती तूप व्यापाऱ्यांची अब्रू त्या एका नळीतील रंगाने राखली आणि किती जणांची घालवली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

इतके गुणी तेल असूनही तिळाचे गाळप मागे पडले, कारण गिरणीला लागणारा माल पुरेसा आणि स्वस्त मिळेना. आणि माल मिळेना याचे मूळ शेतात आहे.

बोंड उघडते तो क्षण

अलीबाबाच्या गोष्टीत चोरांची गुहा तिळाचे नाव घेतल्यावर उघडते. त्या मंत्रात तीळच का आला, यावर पंडितांनी अनेक तर्क लढवले आहेत. तिळाच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला मात्र तर्काची गरज पडत नाही. तिळाचे बोंड वाळले की टोकाकडून आपोआप फाकते आणि आतले साठ-सत्तर दाणे वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर जमिनीवर सांडतात. रानटी झाडासाठी ही सोय उत्तम. बी पसरले पाहिजे, पुढची पिढी उगवली पाहिजे. गहू, तांदूळ, ज्वारी यांच्या रानटी पूर्वजांचेही दाणे असेच गळत. पण हजारो वर्षांपूर्वी माणसाने न गळणारी कणसे निवडून लावली आणि ती सवय मोडली. तिळाच्या बाबतीत हे काम अपुरे राहिले. माणसाने दाणा गोड केला, तेल वाढवले, रंग पांढरा केला. बोंड मात्र रानातले ते रानातलेच राहिले.

त्यात आणखी एक अडचण आहे. तिळाचे झाड खालून वर फुलत जाते आणि वाढ थांबवत नाही. बुंध्याजवळची बोंडे पिवळी पडून तडकायला लागतात तेव्हा शेंड्याला अजून फुले असतात. सगळे झाड पिकेपर्यंत थांबावे तर खालचा दाणा मातीत जातो. घाई करावी तर वरचा दाणा पोचट राहतो. म्हणून शेतकरी खालची पाने गळू लागली, बोंडे पिवळसर झाली की कापणी करतो, पेंढ्या बांधून त्या उभ्या करून ठेवतो, आणि तीन-चार दिवसांनी ताडपत्रीवर एकेक पेंढी उलटी धरून झटकतो. पुन्हा काही दिवसांनी दुसरी झटकणी होते. ही सारी कामे हाताची, बहुतांशी बायकांच्या हाताची, आणि ठरलेल्या चार दिवसांत उरकायची. मजूर दोन दिवस उशिरा मिळाले तरी वर्षाच्या कमाईचा एक हिस्सा जमिनीवर सांडतो. सोयाबीनला यंत्र येते आणि एका दुपारी शेत मोकळे होते. शेतकरी कुठे वळला असेल, हे सांगायला नकोच.

न उघडणारे बोंड प्रथम मिळाले ते व्हेनेझुएलात. डेराल्ड लँगहॅम हे अमेरिकन आनुवंशिकी शास्त्रज्ञ तिथे तिळावर काम करीत होते. १९४३ मध्ये त्यांना शेतातील हजारो झाडांत एक झाड असे दिसले की, त्याची बोंडे वाळूनही बंदच होती. आनुवंशिकतेच्या हिशेबाने हा गुण साधा होता: एकाच जनुकाचा, दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा. तिळाचा प्रश्न सुटला, आता गव्हासारखे यंत्राने कापायचे, अशी आशा पसरली आणि अमेरिकेच्या टेक्सासमध्ये बंद बोंडांचे वाण शेतात उतरलेही.

आशा फार काळ टिकली नाही. बंद बोंडाबरोबर त्या झाडात नको असलेले गुणही आले. पाने वाटीसारखी वळलेली, खोड पिळलेले, बोंडे आखूड, काही फुले वांझ, आणि उत्पादन कमी. मळणीतही नवीच अडचण निघाली. बोंड इतके घट्ट बंद की ते फोडायला यंत्राला जोर लावावा लागे आणि त्या माराने नाजूक दाण्याला चिरा पडत. चिरलेल्या दाण्यात तेलाचे विघटन लगेच सुरू होते, आम्लता वाढते, माल खवटतो. जे तेल न खवटण्यासाठी प्रसिद्ध, तेच या कारणाने खवटू लागले. दशकानुदशके अनेक देशांतील प्रजननतज्ज्ञांनी चांगल्या वाणांशी संकर करून पाहिले. पण बंद बोंड घ्यायचे तर वळलेली पाने पदरात पडतच.

ही गाठ का सुटत नव्हती, ते समजायला तिळाचा जनुकसंच वाचावा लागला. २०१४ मध्ये वुहान येथील तेलबिया संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘झोंगझी १३’ या वाणाचा जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २७ हजार जनुके मोजली गेली. पुढच्याच वर्षी ७०५ तीळवाणांची तुलना करून तेलाचे प्रमाण, रंग, उंची अशा गुणांशी संबंधित जागा त्यांनी शोधल्या. मग २०१८ मध्ये हेनान प्रांतातील संशोधकांनी वळल्या पानांच्या आणि बंद बोंडांच्या एका झाडात बिघाड नेमका कुठे झाला आहे ते दाखवले. ते जनुक पानाची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे ठरवणाऱ्या कुळातील निघाले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बोंड हे मिटून शिवलेले पानच असते. पानाच्या दोन बाजूंचा हिशेब चुकला की पान वळते, आणि त्याच चुकीमुळे बोंडाच्या भिंतीला वाळताना फाकण्याची ताकद राहत नाही. दोन्ही लक्षणे एकाच जनुकाची असतील तर संकर कितीही करा, एक ठेवून दुसरे टाकता येणार कसे?

वाट मग दुसरीकडून निघाली. लँगहॅम यांचे पुत्र रे लँगहॅम यांनी अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून सेसाको या कंपनीत काम करताना पूर्ण बंद बोंडाचा हट्टच सोडला. त्यांनी अशी झाडे निवडली की, ज्यांचे बोंड टोकाला जरासे उघडते, पण आतले पापुद्रे दाण्याला धरून ठेवतात आणि दाणाही देठाशी चिकटून राहतो. अशा बोंडात शिरलेले पावसाचे पाणी निचरून वाळते, वाऱ्याने दाणा सांडत नाही, आणि यंत्रात हलक्या माराने तो सुटा होतो. एका अचाट गुणाऐवजी पाच-सात लहान गुणांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हे साधले. टेक्सास, ओक्लाहोमा आणि कान्सास या राज्यांत आज तीळ उभाच वाळतो आणि यंत्राने कापला जातो. वाढ न थांबण्याच्या प्रश्नावरही इस्राएलमध्ये अम्राम अश्री यांनी गॅमा किरणांचा वापर करून उत्तर शोधले होते: ठरावीक फुले आली की शेंड्याची वाढ थांबवणारे झाड त्यांनी मिळवले. त्या झाडाची बोंडे जवळजवळ एकाच वेळी पिकतात. १९९०च्या दशकात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अशा उत्परिवर्तनांवर अनेक देशांचा एकत्रित कार्यक्रमही चालवला.

हे तयार बियाणे आणून आपल्याकडे पेरले तर? दिसते तितके ते सोपे नाही. तीळ दिवसाच्या लांबीला फार संवेदनशील असतो. एका अक्षांशावर घडवलेला वाण दुसऱ्या अक्षांशावर अवेळी फुलतो. टेक्सासचा तीळ कोरड्या हवेत उभा वाळतो, खानदेशचा तीळ परतीच्या पावसाच्या तोंडी काढणीला येतो. शिवाय आपला बहुतांश तीळ एकर-दोन एकरांच्या तुकड्यांत, कुठे बाजरी, कुठे कापूस, कुठे तुरीच्या ओळींमध्ये असतो. तिथे मोठे यंत्र वळायलाही जागा नाही. आणि जागतिक पातळीवर या पिकाला पाठीराखाही नाही. भुईमुगासाठी हैदराबादजवळ पाटणचेरूला आंतरराष्ट्रीय संस्था आहे, भातासाठी फिलिपाइन्समध्ये आहे. तिळाला मात्र आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्रांपैकी एकानेही आपले म्हटलेले नाही.

जे काम आपल्याकडे झाले ते राष्ट्रीय संस्थांनी आणि कृषी विद्यापीठांनी केले. अखिल भारतीय तीळ व कारळा संशोधन प्रकल्पाचे समन्वय केंद्र दीर्घकाळ जबलपूरला राहिले. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्राने ‘फुले तीळ’, ‘तापी’ या नावाने ओळखला जाणारा जेएलटी-७, ‘पद्मा’ म्हणजे जेएलटी-२६ आणि नंतरचा जेएलटी-४०८ असे वाण दिले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेटी-६४ आणि एकेटी-१०१ दिले. गुजरातेत अमरेलीच्या केंद्राने पांढऱ्या तिळाचे वाण घडवले आणि ‘गुजरात तीळ १०’ हा काळा वाणही दिला. या वाणांची बोंडे फुटतात ती फुटतातच. पण लवकर तयार होणे, पावसाच्या उघडीपीत तगणे, टपोरा पांढरा दाणा देणे हे गुण त्यांत आले. साचलेले पाणी मात्र तीळ सहन करीत नाही. दोन-तीन दिवस शेतात पाणी तुंबले की उभे झाड माना टाकते.

तिळाच्या शेतात कधी कधी फुलांच्या जागी बारीक हिरव्या पानांचे झुबके आलेले दिसतात. हा पर्णगुच्छ रोग. अशा झाडाला एकही बोंड धरत नाही. पूर्वी याचे कारण विषाणू समजले जाई. १९६७ मध्ये जपानी संशोधकांनी तुतीच्या अशाच एका रोगात जिवाणूंसारखे, पण पेशीला भिंत नसलेले सूक्ष्मजीव पाहिले आणि मग तिळाच्या रोगाचेही खरे कारण कळले. तुडतुड्यांमार्फत तो पसरतो. रोगी झाड दिसताच उपटून टाकणे हाच आजही शेतकऱ्याच्या हातातील सर्वांत भरवशाचा उपाय आहे. रोगाला दाद न देणारे गुण रानतिळाच्या कुळात आहेत आणि ते लागवडीच्या तिळात आणण्याचे प्रयत्न चालू आहेत.

खळ्यापासून बंदरापर्यंत

बोंड फुटते म्हणून पेंढ्या उभ्या कराव्या लागतात. पेंढ्या उभ्या कराव्या लागतात म्हणून तीळ आठ-पंधरा दिवस उघड्यावर, जमिनीलगत राहतो. व्यापारी कुटुंबांनी या वाक्यावर थोडे थांबावे असे आहे. त्या दिवसांत त्यावर धूळ बसते, पक्षी येतात, उंदीर फिरतात, गुरे जवळून जातात. ताडपत्री नसेल तर झटकलेला दाणा थेट मातीवर पडतो. हाताला कोरडा आणि डोळ्याला स्वच्छ वाटणाऱ्या अशा मालात साल्मोनेला हा जंतू असू शकतो. तिळासारख्या कोरड्या आणि तेलकट पदार्थात तो वाढत नाही, पण मरतही नाही. महिनोन्‌महिने तग धरतो आणि कोरड्या अवस्थेत उष्णतेलाही सहजासहजी दाद देत नाही. पोत्यात हात घालून ओलावा सांगणारे, चिमूटभर दाणे चावून तेलाचा अंदाज करणारे जाणते आडते प्रत्येक पेठेत असतात. साल्मोनेला मात्र त्यांच्याही हाताला लागत नाही.

घरी तीळ भाजून किंवा तेल काढून खाल्ला जातो. पश्चिमेत तो कच्चाच वाटून ताहिनी करतात, कोशिंबिरीवर भुरभुरतात. त्यामुळे आयात करणारे देश साल्मोनेलाविषयी कडक झाले, आणि निर्यातीच्या साखळीत एक सोपा वाटणारा उपाय शिरला: इथिलीन ऑक्साइड. हा वायू साडेदहा अंशांच्या आसपास उकळतो, पोत्यातून दाण्यादाण्यात शिरतो आणि जंतू मारतो. रुग्णालयांत शस्त्रक्रियेची साधने निर्जंतुक करण्यासाठी तो वापरतात. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली आहे.

येथे दोन बाजारांचे दोन नियम आडवे आले. अमेरिकेत तिळामध्ये या वायूचा अंश दहा लाख भागांत ७ भागांपर्यंत चालतो. युरोपीय संघात त्याचा अन्नासाठी वापर कधीच बंद झालेला असून तिळासाठी मर्यादा ०.०५ भाग, म्हणजे अमेरिकेच्या मर्यादेच्या १४० पट कमी, आहे. आणि वायू उडून गेल्यावर मागे राहणारे क्लोरोइथॅनॉलही त्यात मोजले जाते. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतातून आलेल्या तिळात या मर्यादेच्या कितीतरी पट अंश सापडल्याची सूचना युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेला दिली. त्यानंतरच्या महिन्यांत युरोपभर दुकानांच्या फळ्यांवरून पाव, बिस्किटे, तृणधान्यांची मिश्रणे, ताहिनी अशा असंख्य वस्तू मागे घेतल्या गेल्या. एका पोत्यातील तीळ शेकडो उत्पादनांत विभागला जातो, त्यामुळे एक सदोष खेप अनेक कारखान्यांना भोवली. ऑक्टोबर २०२० मध्ये युरोपीय संघाने नियम केला की, भारतीय तिळाच्या प्रत्येक खेपेसोबत तपासणीचा अहवाल आणि सरकारी प्रमाणपत्र हवे, आणि त्याउपर निम्म्या खेपा सीमेवर पुन्हा तपासल्या जातील. ज्यांनी तो वायू कधी वापरला नव्हता त्यांचे कंटेनरही बंदरात अडकले, भाडे चढले, गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे वळले. व्यापारात पत एकाची जाते आणि व्याज सगळे भरतात, याचा असा प्रत्यय क्वचितच आला असेल.

वायूऐवजी आज वाफेचा मार्ग वापरला जातो. ठरावीक तापमानाची वाफ थोड्या वेळापुरती दाण्यावरून नेऊन लगेच तो कोरडा करतात. यंत्रणा महाग आहे, थोडी चूक झाली की दाण्याचा रंग आणि वास बदलतो, पण दाण्यात मागे काही विषारी उरत नाही. पॉलिश तिळाच्या कारखान्यात धोका आणखी एका ठिकाणी असतो. तेथे तीळ पाण्यात भिजवून टरफल सोडवतात, धुतात आणि वाळवतात. पाणी किंवा वाळवण्याची जागा अस्वच्छ असेल तर स्वच्छ आलेला मालही तिथे बिघडतो. टरफलाचा विषय निघालाच आहे तर स्वयंपाकघरासाठी एक गोष्ट नोंदवावी. तिळातील कॅल्शियमची कीर्ती मोठी आहे आणि शंभर ग्रॅम अखंड तिळात ते ९०० मिलिग्रॅमच्या वर असते. पण त्यातील बहुतांश टरफलात, तेही ऑक्झलेटला बांधलेले असते. पांढऱ्याशुभ्र पॉलिश तिळात जेमतेम ६०-७० मिलिग्रॅम उरते. प्रथिनांच्या बाबतीत मात्र दोन्ही तीळ चांगले. डाळीत कमी असलेले मेथिओनिन तिळात भरपूर, आणि तिळात कमी असलेले लायसिन डाळीत भरपूर. त्यामुळे शाकाहारी पानात वरणाबरोबर तिळाची चटणी असणे शहाणपणाचे आहे.

युरोपच्या प्रयोगशाळेत सापडणारा दोष बहुधा खळ्यात जन्मलेला असतो आणि खळे बदलायला फार मोठे विज्ञान लागत नाही. दोन ताडपत्र्या, जमिनीपासून वर उभ्या केलेल्या पेंढ्या, झटकणीनंतर लगेच चाळणी, आणि ६ टक्क्यांच्या आसपास ओलावा येईपर्यंत वाळवण. अडचण अशी की, बाजार समितीच्या ओट्यावर ताडपत्रीवरचा तीळ आणि मातीवरचा तीळ पुष्कळदा एकाच भावाने पुकारला जातो. लिलावात रंग पाहतात, कचरा पाहतात. कुठे वाळवला हे कुणी विचारीत नाही. काही निर्यातदार आता गावपातळीवर माल कसा वाळवला याची नोंद मागू लागले आहेत, आणि ज्या शेतकऱ्याने ती ठेवली त्याला चार पैसे वाढवून देणे त्यांना एका अडलेल्या कंटेनरपेक्षा नक्कीच स्वस्त पडते.

दुसरा मार्ग हंगामाचा आहे. पश्चिम बंगालमध्ये बटाट्यानंतर आणि गुजरातेत सिंचनावर उन्हाळी तीळ घेतला जातो. महाराष्ट्रातही एकेटी-१०१ सारख्या वाणांमुळे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत पेरून मे महिन्यात काढता येणारा तीळ वाढतो आहे. त्याला पाण्याच्या पाळ्या द्याव्या लागतात, आणि जिथे विहीर मार्चमध्येच तळ गाठते तिथे तो जमत नाही. पण या हंगामात पर्णगुच्छाचा त्रास कमी, उत्पादन खरिपाहून जास्त, आणि पेंढ्या वाळतात त्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात, एकही सर अंगावर न घेता. बोंडे तेव्हाही फुटतातच; फक्त खाली ताडपत्री असेल तर तो दाणा पहिल्या पावसाआधी पोत्यात पोहोचतो.